पन्नासपैकी एकवीस

काकासाहेब सर एका खासगी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायला लागले त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीसही वर्षं ते तात्पुरतेच होते. दर जूनला नेमणुकीचा नवा कागद मिळायचा आणि त्यासोबत 'पुढच्या वर्षी कायम करून टाकू' हे जुनं वाक्य मिळायचं. एका वाक्यावर माणूस इतकी वर्षं कसा काढतो, हे ज्यानं तात्पुरती नोकरी केली नाही त्याला कळायचं नाही. यंदा मात्र फाइल खरोखर हलली होती. जूनच्या बैठकीत त्यांच्या नावावर शिक्का बसणार, असं आतल्या माणसानं सांगितलं होतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात काकासाहेब कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही इतक्या बेतानं वागत होते.

उन्हाळा दोन हजार चोवीसचा. आदल्या वर्षी पावसानं तोंडाला पानं पुसली होती. संस्थेची बोअर मार्चमध्येच आटली. टँकरवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. पोरांना प्यायला पाणी नाही आणि संडासाचं तर विचारूच नका, अशी अवस्था आल्यावर प्राचार्यांनी वर्ग बंद केले. समोरच, जालना रोडच्या पलीकडे, बारा मजली इमारत उठत होती. तिच्यावर 'चोवीस तास पाणी' असा भलामोठा फलक होता आणि तिच्या भिंतींवर रोज पाइपानं पाणी मारलं जायचं. ते कुठून येतं, हे विचारायची सोय नव्हती.

वर्ग बंद, पण शिक्षण बंद पडायला नको, म्हणून संस्थेनं एक पोर्टल घेतलं. लोखंड घासायची विद्या मोबाइलवर कशी शिकवायची, हे पोर्टल विकणाऱ्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वरून फर्मान आलं, की प्रत्येक शिक्षकानं 'स्वमूल्यमापन' घ्यायचं. म्हणजे विद्यार्थ्यानं आपलं काम आपणच तपासायचं, आपणच गुण द्यायचे, ते का दिले तेही लिहायचं. त्यानंतर शिक्षकानं आपले गुण द्यायचे.

संगणक शिकवणाऱ्या श्रेया मॅडमनी काकासाहेबांना शेजारी बसवून सगळं मांडून दिलं. मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, पण सरांना कमीपणा वाटेल असा शब्द त्यांनी कधी काढला नाही.

"सर, हे प्रश्न, हे गुण, ही शेवटची तारीख. आणि हा तक्ता. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ठिपका दिसतो. लाल म्हणजे काहीच केलेलं नाही, पिवळा म्हणजे अर्धं झालं, हिरवा म्हणजे पूर्ण."

"अन् माझे मार्क?"

"ते या रकान्यात. तुमचे ऐंशी टक्के, त्याचे स्वतःचे वीस. तुम्ही भरेपर्यंत ठिपका पिवळाच राहतो. तसा नको असेल तर इथं खूण करायची. 'शिक्षकांचे गुण नसल्यास विद्यार्थ्याचेच गुण धरावेत.' मग लगेच हिरवा होतो. पण सर, तारखेच्या आत तुमचे गुण भरा बरं का. नाहीतर त्यांचे तेच पक्के होऊन बसतील."

"भरतो की," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

खूण करायचं कारण साधं होतं. प्राचार्य रोज सकाळी सगळ्यांचे तक्ते उघडून बघायचे, आणि ज्याचा तक्ता पिवळा त्याचं नाव शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे. कायम व्हायला दोन महिने राहिलेल्या माणसाला पिवळा रंग परवडणारा नव्हता.

प्रश्न पाच, प्रत्येकाला दहा गुण. तपासायचा होता तो वर्ग बंद होण्याआधी पोरांनी कानशीनं घासून तयार केलेला जॉब, म्हणजे पन्नास मिलिमीटरचा लोखंडी चौकोन आणि त्याच्या खाचेत बसणारा दुसरा तुकडा. वीस पोरांचे वीस जॉब हजेरी क्रमांक ठोकून, तेल लावून कार्यशाळेच्या कपाटात ठेवलेले होते. किल्ली काकासाहेबांच्या खिशात होती. पहिला प्रश्न त्यांनी टाकला, 'माप अचूक आहे का?' मापाला एक दशांश मिलिमीटरची सूट असते, तेवढ्यात बसलं की पूर्ण गुण, हे लिहायचं राहून गेलं. वर्गात ते कधी लिहावं लागत नसे. पोरं विचारायची आणि सर सांगायचे.

मग त्यांनी पोरांच्या ग्रुपवर आपल्या आवाजातला निरोप पाठवला. "हे मार्क कुठं धरले जाणार नाहीत. घाबरू नका. खरं तेच लिहा."

पुढचे आठ दिवस काकासाहेबांना त्या तक्त्याचा नादच लागला. जेवताना, टीव्हीसमोर, नळाला आठ दिवसांनी आलेलं पाणी भरतानासुद्धा एक डोळा मोबाइलवर. लाल ठिपका दिसला की फोन लावायचा. पोरगं वाळूजच्या कंपनीत रोजंदारीवर असो की मामाच्या लग्नात, सर पिच्छा सोडायचे नाहीत. एकेक ठिपका हिरवा होत गेला आणि त्यांना काम केल्याचं समाधान मिळत गेलं. पोरांनी काय लिहिलंय ते मात्र त्यांनी वरवरच पाहिलं. सत्यम नावाच्या पोरानं पन्नासपैकी पन्नास घेतले होते आणि कारण लिहिलं होतं, 'एकदम टकाटक'. बाकीचेही पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हते. काकासाहेब हसले. कपाट उघडून बसू एक दिवस आणि सगळ्यांना जमिनीवर आणू, असं त्यांनी ठरवलं. कार्यशाळेच्या पत्र्याखाली त्या उन्हात जीव नकोसा व्हायचा, म्हणून तो दिवस पुढे पुढे गेला.

शेवटी एकच ठिपका लाल राहिला. ज्ञानेश्वरीचा.

ज्ञानेश्वरी फिटरच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. फुलंब्रीच्या पलीकडची, मेंढपाळाची. तिची कानस चालत असली की काकासाहेब पाठमोरे असतानाही ओळखायचे, इतका तिचा हात एकसारखा चालायचा. जानेवारीत तिचा बाप मुंजाबा संस्थेत आला होता. शेंद्र्याची एक कंपनी दरवर्षी इथली सहा पोरं शिकाऊ म्हणून घ्यायची, आणि मुलींसाठी तिचं वसतिगृह होतं. मुंजाबानं त्याचीच चौकशी केली होती.

"सर, पोरीचं नाव यादीत आलं तर ऱ्हाऊ द्या शहरात. नाय आलं तर मेंढरामागं नेतो. तिच्या मायचे गुडघे गेलेत, चालणं व्हत नाय. मी एकटा कुठंवर पुरू?"

"तिचं नाव नाही येणार तर कुणाचं येणार, मुंजाबा?" काकासाहेब तेव्हा म्हणाले होते. छातीवर हात ठेवून म्हणाले होते.

आता त्यांनी फोन लावला तर तोही मुंजाबानंच उचलला. गावाकडचा चारा संपला म्हणून तो कळप घेऊन जायकवाडीच्या काठाला उतरला होता. धरणाचं पाणी मागे हटलं, की गाळात थोडं हिरवं उगवतं. मागून मेंढरांचा नुसता कल्ला ऐकू येत होता.

"किती मेंढरं आहेत हो, मुंजाबा?"

"हायेत धा-पंधरा."

"आवाज तर दीडशेचा येतोय!"

मुंजाबा नुसता हसला आणि त्यानं फोन पोरीकडे दिला.

"ज्ञानेश्वरी, अगं सगळ्या वर्गात तू एकटी लाल आहेस. कधी भरणार?"

"इथं रेंज नाय सर. बंधाऱ्यावर चढावं लागतं. भरते आज." मग तिनं विचारलं, "सर, हे मार्क धरणार हायेत का?"

"नाही गं. खरं तेच लिही आणि पाठवून दे."

संध्याकाळी तिचा ठिपका हिरवा झाला. वीसपैकी वीस ठिपके हिरवे. काकासाहेबांनी तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि प्राचार्यांनी खाली लिहिलं, 'आदर्श कामगिरी'. त्याच दिवशी प्राचार्यांचा आणखी एक मजकूर आला होता. कंपनीनं यंदा यादी लवकर मागितली आहे, शुक्रवारी पाच वाजता पोर्टल बंद होईल आणि त्यावरचेच गुण पाठवले जातील, असं त्यात होतं. काकासाहेबांनी त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. वाचला नाही. 'आदर्श कामगिरी' दुसऱ्यांदा वाचत होते.

पुढच्या गुरुवारी कंपनीची यादी आली. सहा नावं. पहिलं सत्यमचं.

काकासाहेबांनी यादी खालून वर आणि वरून खाली वाचली. मग पोर्टल उघडलं. ज्ञानेश्वरी, पन्नासपैकी एकवीस. पहिल्यांदाच त्यांनी तिनं लिहिलेली कारणं वाचली. 'माप: चार. पन्नासला चार शतांश कमी भरलं. काटकोन: पाच. एका कोपऱ्यात बारीक उजेड दिसतो असं वाटतं. फिटिंग: पाच. उलटं बसवलं तर किंचित घट्ट. पृष्ठभाग: चार. सुरक्षितता: तीन. दोनदा चष्मा घालायला विसरले.' वीस पोरांत आपला जॉब खरोखर मोजून लिहिणारी ती एकटीच होती. तिचे गुण त्यामुळेच गेले होते.

ते तसेच उठून कार्यशाळेत गेले. कपाट उघडलं, तिचा जॉब काढला, तेल पुसून व्हर्निअर लावला. चार शतांश कमी. सूट दहा शतांशाची, म्हणजे पूर्ण दहा गुण. काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडासमोर धरला, उजेड कुठून येईना. मग सत्यमचा जॉब धरला. त्यातून समोरच्या इमारतीचा फलक वाचता आला असता. त्या भट्टीसारख्या पत्र्याखाली काकासाहेब घामानं निथळत बसले आणि स्वतःला शिव्या घालत राहिले. पंधरा मिनिटांचं काम होतं.

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही जॉब तपासलेच नाहीत?"

"राहून गेलं, सर."

"आणि तक्ता हिरवा?"

काकासाहेबांनी त्या खुणेचं सांगितलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरंच विचार केला.

"पोरं सोमवारी रुजू होणार आहेत. तोवर नाव बदलता येईल, कंपनीचे साहेब ऐकतील माझं. पण कारण लेखी लागणार. 'मी जॉब न तपासता गुण पक्के होऊ दिले', एवढं तुमच्या सहीनं द्या, मी पुढे पाठवतो. मात्र काकासाहेब, तो कागद तुमच्या फायलीला लागेल. ते काही माझ्यानं टाळता येणार नाही."

काकासाहेब 'हो' म्हणाले आणि बाहेर आले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोन्ही दिवस त्यांनी कागद समोर घेतला आणि दोन्ही दिवस जूनची बैठक त्या कागदावर येऊन बसली. रविवारी सकाळी त्यांनी मोटरसायकल काढली आणि जायकवाडीचा रस्ता धरला. कशासाठी, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पोरीनं 'असू द्या सर' म्हणावं, ही आशा मनात असेल. माणूस असाच असतो, ज्याचं बुडवलं त्याच्याकडूनच धीर मागायला जातो.

भेगाळलेल्या गाळात चार काठ्यांवर चादर ताणून मुंजाबानं सावली केली होती. त्याची बायको बानाबाई पाय पसरून बसली होती. मेंढरं लांब पाण्याच्या रेघेकडे गेली होती. ज्ञानेश्वरीनं कॅनमधलं पाणी तांब्यात ओतून सरांपुढे ठेवलं.

"यादीचं ठाऊक हाय सर," तीच म्हणाली. "सत्यमनं फोन केला व्हता. मीच कमी दिले."

"पण एवढे कमी कामून दिलेस?"

"तुम्हीच म्हणलात, खरं लिही. चार शतांश कमी व्हतंच की. अन् आपलं आपण चांगलं हाय कसं म्हणावं? आमच्यात मेंढरांचा खरा आकडाबी सांगत नायत, दृष्ट लागती. मला वाटलं, तुम्ही जॉब बघून वाढवताल."

काकासाहेबांना तांब्या तोंडाला लावता येईना. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती खूण, तो अंगठा, बंद राहिलेलं कपाट, सगळं. "मी मोजला तुझा जॉब. पंचेचाळीसच्या खाली येत नाही. माझी चूक झाली, पोरी."

"कवा मोजला?"

"गुरुवारी."

"यादी आल्यावर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिनं चढवला असता तर काकासाहेबांना सोपं गेलं असतं. "मग आता काय करता येतंय?"

प्राचार्यांनी मागितलेल्या कागदाचंही त्यांना सांगावं लागलं. ऐकता ऐकताच ती उठली, पिशवीतून वही काढली आणि मधलं कोरं पान फाडून पेनासकट त्यांच्यापुढे ठेवलं. काकासाहेबांनी मांडीवर वही घेतली. 'प्रति, प्राचार्य' लिहिलं. तारीख टाकली. मग पेन बराच वेळ हवेत राहिलं आणि शेवटी खाली आलं ते वेगळंच घेऊन आलं. 'पोर्टलमधील तांत्रिक अडचणीमुळे शिक्षकांचे गुण नोंदवले गेले नाहीत.'

तिनं ते वाचलं.

"सर, हे खरं नाय."

"असंच लिहायची पद्धत असते गं."

"पोर्टलवाले म्हणतील, आमची काय बी अडचण नव्हती. दाखवतील काढून. मग सर खोटे अन् पोरगीबी खोटी. मला पुन्यांदा कोण घेईन? तुम्ही जॉब बघितला नाय, एवढंच लिहा ना. एक ओळ हाय."

एकच ओळ होती. काकासाहेबांना पोरीसमोर लाज वाटली, स्वतःची वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी निघाली. एकोणीस वर्षं छातीत साठलेली ती भीती एका ओळीनं हलणारी नव्हती. त्यांनी कागद परत दिला.

"उद्या ऑफिसात बसून व्यवस्थित लिहितो. संस्थेच्या कागदावर. हा असा चुरगळलेला चालायचा नाही."

ज्ञानेश्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं. माप घेताना पाहायची तसंच, एक डोळा बारीक करून.

"व्हय सर," ती म्हणाली.

मुंजाबाला या लिहिण्याबिहिण्यातलं काही उमगलं नव्हतं. सर एवढ्या लांब उन्हातून आले, कागद लिहितो म्हणाले, यावरूनच त्यानं काय ते समजून घेतलं होतं. तो हात जोडून पुढे आला.

"लई उपकार झाले, सर. मंग भरून ठेवू का पोरीची पिशवी?"

नाही म्हणायची तीच वेळ होती. काकासाहेब "ठेवा" म्हणाले, गाडीला लाथ मारली आणि निघाले.

सोमवारी ते संस्थेत सगळ्यांच्या आधी पोचले. टेबलावर संस्थेचा कागद घेतला, नाव लिहिलं, तारीख लिहिली. प्राचार्यांनी खिडकीतून विचारलं, "आणलं का काही?" काकासाहेब म्हणाले, "नाही सर." एवढंच. दोन शब्दांत संपलं. मग सगळ्या शिक्षकांनी निरोपाला फाटकाशी उभं राहावं अशी सूचना आली, म्हणून तेही जाऊन उभे राहिले.

कंपनीची बस आली. पोरांचे हारतुरे झाले, फोटो झाले. चढायच्या आधी सत्यम वाकून काकासाहेबांच्या पाया पडला. "सर, तुमच्यामुळं झालं." पोरगं मनापासून म्हणत होतं. काकासाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सहा पोरांना घेऊन बस शेंद्र्याच्या दिशेनं निघून गेली, आणि धूळ बसल्यावर रस्त्याच्या कडेला मुंजाबा दिसला. धुतलेलं धोतर, खांद्यावर पोरीची पिशवी. तो लगबगीनं फाटकाशी आला.

"उशीर झाला, सर. पैठणहून गाडीच मिळंना," तो म्हणाला. "पोरीची बस मागून येती का?"

ज्ञानेश्वरी मागे उभी राहून बापाचा हात ओढत होती.